वरचा आणि खालचा

शास्त्रभाग : उत्पत्ती २६:१२-३३, यहेज्केल ३४:१७-१९



आम्ही ग्वाल्हेरास लष्कर भागातल्या एका जुन्या गल्लीत राहतो. शहराला पाणी येते ते मुख्यतः तिघरा धरणाचे. सांक नदीवरचे हे धरण शिंदे सरकारच्या अमदानीत बांधले गेले. खडकवासल्याला सर विश्वेश्वरय्यांनी जे आपोआप उघडणारे दरवाजे बसवले होते, तसेच त्यांनी येथेही बसवले. १९१७ साली हे धरण फुटले आणि पुन्हा उभारावे लागले. शंभर वर्षांपूर्वीच्या शहराला ते पुरेसे होते. आज पाऊस कमी झाला की उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी येते, आणि तेही धार बारीक.

अशाच एका उन्हाळ्यात मी नळाला एक छोटी मोटर जोडून घेतली. अशी मोटर थेट सार्वजनिक वाहिनीतले पाणी ओढून घेते. नियमाप्रमाणे ती लावता येत नाही, हे मला ठाऊक होते. पण गल्लीत इतरांनी लावलेली होती, आणि घरात म्हातारी आई होती. कारण शोधायला गेले की सापडतेच. आमची टाकी भरू लागली आणि मी निश्चिंत झालो.

आमच्या घराच्या पुढे, उताराच्या टोकाला, एक विधवा बाई दोन मुलांना घेऊन राहतात. एका रविवारी आमच्या घरी प्रार्थनासभा होती. आम्ही चार-सहा मराठी ख्रिस्ती कुटुंबे महिन्यातून एकदा अशी जमतो. त्या दिवशी उत्पत्तीचा सव्विसावा अध्याय समजावून सांगण्याची पाळी माझी होती. सकाळी मी टिपण लिहीत बसलो होतो, मोटर चालू होती. त्या बाई दाराशी आल्या. हातात रिकामी बादली. भांडण नाही, आवाज चढवणे नाही. एवढेच म्हणाल्या, "भाईसाहब, आपकी मोटर चलती है तो हमारे यहाँ बूँद भी नहीं आती।"

मी त्यांची बादली भरून दिली आणि आत आलो. समोर शास्त्र उघडे होते. त्यात ज्या गुराख्यांनी इसहाकाशी पाण्यावरून तंटा केला, त्यांची गोष्ट होती. त्या गोष्टीत मी कोणत्या बाजूला उभा आहे, हे सांगायला दुसऱ्या कोणाची गरज उरली नाही.

तीन विहिरी

इसहाक गराराच्या देशी राहिला आणि परमेश्वराने त्याला शंभरपट पीक दिले. पलिष्ट्यांना हेवा वाटला. त्याचा बाप अब्राहाम याच्या वेळच्या विहिरी त्यांनी माती टाकून बुजवल्या. पाणी स्वतः प्यायचे नाही आणि दुसऱ्यालाही पिऊ द्यायचे नाही, असा हा मत्सर. राजा अबीमलेख याने त्याला निघून जाण्यास सांगितले. इसहाक गराराच्या खोऱ्यात गेला, बापाच्या विहिरी त्याने पुन्हा उकरल्या, त्यांना बापानेच दिलेली नावे ठेवली. मग त्याच्या चाकरांना झऱ्याचे पाणी लागले. लगेच तेथले गुराखी हक्क सांगत आले. इसहाकाने त्या विहिरीचे नाव एसेक, म्हणजे तंटा, असे ठेवले आणि ती सोडली. दुसरी खणली, तीवरही भांडण झाले. तिचे नाव सितना, म्हणजे वैर. तीही सोडली. तिसरीवर कोणी भांडले नाही. तिला त्याने रहोबोथ म्हटले, म्हणजे मोकळी, ऐसपैस जागा.

पुष्कळ संदेश येथेच संपतात. भांडू नका, सोडून द्या, देव दुसरी विहीर देईल, असा बोध काढून आपण घरी जातो. परंतु प्रियांनो, हा बोध कोणी कोणाला करावा, याचा विचार केल्याशिवाय तो करू नये. नाही तर आपण बलवानाच्या हाती एक सोयीचे वचन देऊन बसू. रिकामी बादली घेऊन आलेल्या त्या बाईंना मी असे सांगावे काय, की बाई, तुम्ही इसहाकासारख्या सोडून द्या? त्यांना दुसरी विहीर कोठे आहे?

सोळावी ओवी नीट वाचा. इसहाक आपल्यापेक्षा फार बलवान झाला आहे, हे अबीमलेख स्वतःच्या तोंडाने कबूल करतो. म्हणजे दोन वेळा मागे सरणारा हा मनुष्य दुबळा नव्हता. त्याच्याजवळ माणसे होती, जनावरे होती, धन होते. तो लढला असता तर कदाचित जिंकलाही असता. मागे सरला तो बलवान, आणि म्हणून या अध्यायाचा उपदेश प्रथम बलवानालाच आहे. ज्याच्या हाती झडप आहे, ज्याच्या घरी मोटर आहे, जो उंचावर बसला आहे, त्याला आहे.

आमची चंबळ

आमच्या भागातून वाहणारी चंबळ नदी हीच गोष्ट मोठ्या अक्षरांत सांगते. इंदूरजवळ महूच्या डोंगरात ती उगम पावते. मध्य प्रदेशातून राजस्थानात शिरते, पुढे दोन्ही राज्यांची सीमा होते, मुरैना आणि भिंड यांच्या कडेने वाहत उत्तर प्रदेशात यमुनेला मिळते. एके काळी तिच्या काठी होळकर, शिंदे, कोटा, धोलपूर अशी कितीतरी संस्थाने होती. प्रत्येकाला आपला काठ आपला वाटे.

स्वातंत्र्यानंतर मध्य भारत आणि राजस्थान या दोन नव्या राज्यांनी एकत्र बसून या नदीची योजना आखली. १९५४ साली पंडित नेहरूंनी गांधीसागर धरणाचा पाया घातला, १९६० साली ते पुरे झाले. त्याच वर्षी कोट्याचा बंधारा सुरू झाला. १९७० साली राणाप्रताप सागर आणि १९७२ साली जवाहर सागर ही धरणे झाली. पाणी आणि वीज दोन्ही राज्यांनी निम्मी-निम्मी वाटून घ्यावी, असे ठरले.

आता या योजनेची रचना पाहा, कारण तीत एक मोठा धडा आहे. पाण्याचा सर्वांत मोठा साठा गांधीसागरात, म्हणजे मध्य प्रदेशात आहे. तेथून पाणी खाली राजस्थानात जाते. कोट्याला कालव्यांची तोंडे आहेत, ती राजस्थानच्या हाती आहेत. तेथून निघालेला उजवा कालवा राजस्थानची शेते भिजवीत सुमारे १२४ किलोमीटर जातो, पुलावरून पार्वती नदी ओलांडतो आणि पुन्हा मध्य प्रदेशात शिरून श्योपूर, मुरैना व भिंड या जिल्ह्यांना पाणी देतो. म्हणजे मध्य प्रदेश वरचाही आहे आणि खालचाही आहे. धरणापाशी राजस्थान त्याच्याकडे पाहतो, कालव्यापाशी तो राजस्थानकडे पाहतो. एकाने दरवाजा बंद केला तर दुसऱ्याने कालवा बंद करावा, आणि दोघांचीही शेते वाळावीत, अशी ही गाठ आहे. तंटे झालेच नाहीत असे नाही. पार्वतीच्या पुलावर ठरल्याप्रमाणे ३९०० क्युसेक पाणी मिळत नाही, अशी आमच्या बाजूची तक्रार रब्बीच्या हंगामात अनेकदा वर्तमानपत्रांतून येते. पण सहा दशकांहून अधिक काळ कालवा वाहतो आहे. एकेकाळी दरोड्यांसाठी जगाला माहीत असलेल्या या मुलखात आज मोहरी आणि गहू डोलतो आहे.

या पाण्याची किंमतही भरली गेली आहे, तिचा विसर पडू नये. गांधीसागराच्या पोटात दोनशेहून अधिक गावे गेली. ज्यांची घरे बुडाली ते एका ठिकाणी, आणि ज्यांची शेते भिजली ते दुसऱ्या ठिकाणी. आपल्या ताटातली पोळी कोणाच्या बुडालेल्या अंगणातून आली आहे, हे जेवणापूर्वीच्या प्रार्थनेत आपल्याला कधी आठवते काय?

वरचा तोच खालचा

या सगळ्यातून आपण तीन गोष्टी शिकू.

पहिली ही, की जगात कोणीही केवळ वरचा नसतो. राजस्थानला पाणी देणारा मध्य प्रदेश पुढे राजस्थानकडूनच पाणी घेतो. चंबळेचे पाणी यमुनेत, यमुनेचे गंगेत, आणि गंगेचे फरक्क्यावरून बांगलादेशात जाते. तेथे भारत वरचा. त्याच भारतात सिंधू आणि सतलज तिबेटातून येतात, तेथे भारत खालचा. महाराष्ट्र कृष्णेवर वरचा आहे, पण २०१९ साली सांगली-कोल्हापुरास महापुराने वेढले तेव्हा आपण सारे खालच्या अलमट्टीच्या दरवाजांकडे डोळे लावून बसलो होतो. त्याच वर्षी सप्टेंबरात गांधीसागर तुडुंब भरून दरवाजे उघडावे लागले आणि कोट्यापासून भिंडपर्यंत पुराचे पाणी पसरले. दुष्काळात खालचा रडतो, पुरात दोघेही रडतात.

यहेज्केल संदेष्ट्याच्या चौतिसाव्या अध्यायात परमेश्वर पुष्ट मेंढरांना जाब विचारतो. तुम्ही चांगले कुरण खाल्लेत आणि उरलेले पायांनी तुडवलेत, निवळ पाणी प्यालात आणि उरलेले गढूळ केलेत, मग माझ्या मेंढरांनी तुमच्या पायांखालचे प्यावे काय, असा तो प्रश्न आहे. ध्यानात घ्या, पाणी प्याल्याबद्दल देव रागावत नाही. तहान हा अपराध नव्हे. आपल्यानंतर कोणी प्यायचे आहे, हे विसरणे हा अपराध आहे.

मोजमाप हीही प्रीती

दुसरी गोष्ट. शेजारधर्म केवळ गोड बोलण्याने चालत नाही, त्याला माप लागते. इसहाक आणि अबीमलेख यांची गोष्ट रहोबोथला संपत नाही. पुढे बैर-शेबा येथे अबीमलेख आपल्या सेनापतीला घेऊन येतो. इसहाक त्याला स्पष्ट विचारतो, की तुम्ही माझा द्वेष करून मला घालवून दिलेत, मग आता का आलात? खोटे हसू नाही, झाकपाक नाही. तक्रार बोलून दाखवल्यावर तो त्यांना जेवू घालतो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उभयतां शपथ वाहतात. सत्य, भोजन आणि करार, असा क्रम आहे. आणि शास्त्र मोठ्या प्रेमाने सांगते, की त्याच दिवशी चाकरांनी येऊन पाणी लागल्याची बातमी दिली!

आपल्या खानदेशातील पांझरा नदीच्या खोऱ्यात जुनी फड पद्धत आहे. एकाच नदीवर एकाखाली एक बंधारे, प्रत्येक बंधाऱ्याखाली शेतांचे फड. कोणाच्या शेतात केव्हा आणि किती पाणी सोडायचे, ते मालक ठरवीत नसे. गावाने नेमलेला पाटकरी ठरवी. त्याला मजुरी सगळे मिळून देत. आपल्या पूर्वजांना मनुष्यस्वभाव ठाऊक होता. ज्याचे शेत त्याच्याच हाती फावडे दिले तर पाट शेवटपर्यंत पोचत नाही, हे ते जाणून होते.

राज्यांचेही तसेच आहे. १९७५ साली महाराष्ट्र आणि शेजारच्या राज्यांनी गोदावरीच्या पाण्याविषयी आपसांत करार केले, आणि १९८० साली लवादाने दिलेला निवाडा बऱ्याच अंशी त्या करारांवरच उभा राहिला. तिलारीचे धरण सिंधुदुर्गात आहे, पण त्याच्या पाण्याचा मोठा वाटा गोव्याला जातो. आमच्या भागातही पार्वती, काळी सिंध आणि चंबळ यांच्या पाण्यावरून मध्य प्रदेश व राजस्थान यांची वर्षानुवर्षे ओढाताण चालली होती. २८ जानेवारी २०२४ रोजी केंद्र सरकारासह दोघांनी त्यावर सामंजस्य करार केला. करार झाला म्हणजे न्याय झाला असे नव्हे. कागदावरचे पाणी शेवटच्या शेतात पोचेपर्यंत तो करार अपुरा आहे. भिंडकडचा एक शेतकरी मला म्हणाला होता, की हेडवाल्याला पाणी म्हणजे हक्क आणि टेलवाल्याला पाणी म्हणजे नशीब. देवाच्या राज्यात हक्क आणि नशीब यांत असा भेद नसावा.

वैऱ्याशी केलेले वचन

तिसरी गोष्ट कठीण आहे. मित्राशी केलेला करार पाळणे सोपे. इसहाकाने करार केला तो ज्यांनी विहिरी बुजवल्या त्यांच्याशी.

भारत आणि पाकिस्तान यांनी १९ सप्टेंबर १९६० रोजी कराची येथे सिंधू जलवाटपाचा करार केला. रावी, बियास व सतलज या पूर्वेकडील नद्या भारताला, आणि सिंधू, झेलम व चिनाब या पश्चिमेकडील नद्या मुख्यतः पाकिस्तानला, असे ठरले. जागतिक बँकेने मध्यस्थी केली. त्यानंतर १९६५ आणि १९७१ साली युद्धे झाली, १९९९ साली कारगिल झाले, तरी करार टिकला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे निरपराध माणसांची हत्या झाली, आणि दुसऱ्याच दिवशी भारताने हा करार स्थगित ठेवल्याचे जाहीर केले. गंगेच्या पाण्याविषयी बांगलादेशाशी १२ डिसेंबर १९९६ रोजी झालेला करारही तीस वर्षांच्या मुदतीचा आहे.

राज्यकर्त्यांनी काय करावे, हे ठरवण्याचे ठिकाण हे व्यासपीठ नव्हे. ज्यांच्या घरची माणसे मारली गेली त्यांच्या दुःखापुढे आपण मान खाली घालावी. परंतु मंडळीने एक प्रार्थना सोडता कामा नये. नदीच्या खालच्या टोकाला जी आई घागर घेऊन उभी आहे, तिने कोणाचे रक्त सांडलेले नाही. दोन्ही काठांच्या अधिकाऱ्यांनी आणि सरकारांनी सत्य बोलावे, रक्तपात थांबावा, आणि पुन्हा एकदा बैर-शेबाची पहाट उजाडावी, ही प्रार्थना करण्यास कोणत्याही देशभक्ताला लाज वाटण्याचे कारण नाही. सत्य बोलल्याशिवाय भोजन नाही, हेही इसहाकानेच शिकवले आहे.

आपला पाणवठा

प्रियांनो, पाण्याची गोष्ट मराठी मंडळ्यांना परकी नाही. आपल्यांपैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांना गावच्या पाणवठ्याला हात लावू दिला जात नव्हता. कोणी वरून ओंजळीत ओतील तेव्हा प्यायचे. २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते याच अन्यायाविरुद्ध. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांच्याच खात्यात दामोदर खोऱ्याच्या योजनेची तयारी झाली, आणि १९४८ साली बिहार व बंगाल यांच्यासाठी एक सामाईक महामंडळ उभे राहिले. तळ्यावर हक्क मागणारा मनुष्य पुढे नद्यांच्या वाटणीचा विचार करतो, यात आश्चर्य नाही. तहान ज्याने सोसली त्यालाच वाटणीचे मोल कळते.

आणि आपला प्रभू? योहान चौथ्या अध्यायात तो भर दुपारी शमरोनी स्त्रीच्या विहिरीवर बसला आहे. यहुदी आणि शमरोनी एकमेकांच्या भांड्याला शिवत नसत. जिवंत पाणी देणारा तो, पण आरंभ करतो पाणी मागून. तो सर्वांहून वरचा होता, आणि खालच्या टोकाला येऊन बसला. पुढे वधस्तंभावर तो तान्हेलाही झाला. झऱ्यालाच तहान लागली, ती आपल्यासाठी. हे ज्याने पाहिले त्याला शेजाऱ्याच्या वाहिनीतले पाणी ओढताना सुख कसे लागावे?

त्या रविवारी सभेत मी टिपण बाजूला ठेवले आणि सकाळची हकीकत सांगितली. सगळे गप्प झाले. दोघांच्या घरी माझ्यासारखीच मोटर होती. दुसऱ्या दिवशी मी मोटर काढली आणि त्या बाईंकडे जाऊन क्षमा मागितली. त्या संकोचल्या, चहा पिऊन जा म्हणाल्या. चहाला पाणी आमच्याच बादलीतले होते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. एका मोटरीने गल्लीचा प्रश्न सुटला नाही. इतरांच्या मोटरी चालूच होत्या, आमचीही टाकी अर्धी राहू लागली, आई कुरकुरली. पंधरा-वीस दिवसांनी गल्लीतली काही मंडळी एकत्र बसली आणि पाणी आल्यावर पहिला अर्धा तास कोणी मोटर लावायची नाही, असे ठरले. तो ठराव काही वेळा मोडला, पुन्हा केला. अजूनही कधीकधी मोडतो. पण तो अर्धा तास त्या बाईंच्या नळाला पाणी येते. रहोबोथ तेवढीच असेल, अर्ध्या तासाची. तीही मोकळी जागाच आहे.

या महिन्यात आपण प्रत्येकाने एक प्रश्न स्वतःला विचारावा : माझ्या खाली कोण आहे? शेतात माझ्या बांधापलीकडे, सोसायटीत माझ्या खालच्या मजल्यावर, मंडळीत माझ्या मागच्या बाकावर कोण आहे? माझ्या हातून जे पुढे जायचे आहे, ते पैसे असोत, मान असो, वा पाणी असो, ते निवळ जाते की गढूळ?

प्रार्थना : हे परमेश्वरा, पाऊस तुझा, नद्या तुझ्या, आम्ही केवळ वाटेवरचे पाटकरी आहो. आम्ही अडवलेल्या पाण्याबद्दल आम्हांस क्षमा कर. वर बसलेल्यांना खालच्यांची आठवण दे, खालच्यांना धीर दे, आणि शेजारी देशांना व राज्यांना सत्याने बोलण्याची व वचन पाळण्याची बुद्धी दे. जो वरून खाली आला त्या येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.